बुधवाऱ्यातलं दोन कड्यांचं दार

मला गाइड सोसत नाहीत. सनावळ्यांचा मारा करून ते आपल्याला अर्धमेलं करतात आणि मग एखाद्या ओळखीच्या साडीच्या दुकानात नेऊन सोडतात. त्यामुळे बुऱ्हाणपूरच्या लॉजवर काउंटरला चिकटवलेला कागद दिसला तेव्हा मला बरंच वाटलं. ‘जुनं शहर, आपापल्या चालीनं’ असं त्यावर लिहिलं होतं. खाली चौकोनी कोड होता. तो फोनवर घ्यायचा, भाषा निवडायची आणि कानात सांगतील तसं चालायचं. पैसे नाहीत, दुकान नाही, आणि कंटाळा आला की बोट टेकवून गप्प करता येईल असा गाइड मला जन्मात पहिल्यांदाच मिळत होता.

सांगलीत माझं पोळीभाजी केंद्र आहे. दिवाळीनंतर गिऱ्हाईक फराळावर असतं, तेव्हा मी ते चार दिवस बंद ठेवते आणि आम्ही दोघं कुठेतरी जातो. यंदा बुऱ्हाणपूर ठरलं ते मांड्यांसाठी. तिथे भटारी लोक हातावर झेलून मांडे करतात असं ऐकलं होतं आणि रोज शेकड्यांनी पोळ्या लाटणाऱ्या बाईला ते बघायची हौस असणारच. आमचे हे वीज मंडळातून निवृत्त झालेत. त्यांना कुठेही न्या, दोन वेळचं जेवण आणि दुपारची झोप मिळाली की त्यांची काही तक्रार नसते.

शनिवार, किल्ला आणि नदी

एक घोटाळा आधीच झाला होता. माझा हेडफोन सांगलीतच राहिला होता आणि यांच्याकडे असायचा प्रश्नच नव्हता. स्टेशनबाहेरच्या टपरीवरून वायरवाला एक घेतला. एक टोक माझ्या उजव्या कानात, दुसरं यांच्या डाव्या कानात. लग्नात गाठ मारतात तसे आम्ही वायरीला बांधलेले. मी डावीकडे वळले आणि हे उजवीकडे वळले की दोघांचेही कान ओढले जायचे. इतक्या वर्षांत आम्ही एकमेकांच्या इतके जवळून चाललो नव्हतो, असं म्हणायला हरकत नाही.

आवाज मुलीचा होता, पंचविशीच्या आतबाहेरचा. मराठी आपलीच, पण तिला हिंदीचा हेल. नाव सांगितलं नाही. एकदम म्हणाली, “नमस्कार. पाण्याची बाटली घेतली ना? नसेल तर घेऊन या, मी थांबते.” मी खरंच बाटली आणायला गेले.

किल्ल्यात हमामखान्याच्या छतावर जुनी चित्रं आहेत. रंग अजून टिकून आहेत. आवाज म्हणाला, “आमच्याकडे असं सांगतात की इथे गुलाबाचं पाणी सोडायचे. खरं खोटं मला माहीत नाही. पण सांगणारा माणूस सांगताना डोळे मिटायचा, म्हणून मी मानते.” पुढे एका भिंतीपाशी म्हणाली, “इथे पाटीवर बरंच लिहिलंय. ते तुम्ही वाचाल. मी फक्त हे सांगते की उन्हाळ्यात दुपारी या भिंतीला पाठ लावून बसलं तर गार लागतं.” आम्ही उन्हाळा नसतानाही बसलो. गारच लागलं.

मला ती पोरगी आवडली. तिच्या सांगण्यात ‘आमच्याकडे असं सांगतात’ इतक्यांदा यायचं की कोण हा सांगणारा, याचं मला कुतूहल वाटायला लागलं.

संध्याकाळी राजघाटावर तापीत उभा असलेला दगडी हत्ती बघितला. कृष्णेच्या काठी वाढलेल्या माणसाला दुसऱ्या नदीचं कौतुक करणं जड जातं, पण तापीचं पात्र मोठं आहे, हे मी मान्य करते. घाटावर केळी घेऊन बसलेल्या बाईला मी विचारलं, “फोपनारची का?” कारण केळी घ्यावी तर फोपनार गावची, एवढं आवाजाने सांगून ठेवलं होतं. बाई खूश झाली आणि म्हणाली, “हाव, फोपनारचीच. तुम्ही तिकडचे का?” सांगलीचे म्हटल्यावर तिने विचारलं, तुमच्याकडे हळद होते ना? तिचा भूगोल माझ्याहून चांगला निघाला.

मांडे रात्री जेवायलाच मिळाले. पालथ्या तव्यावर, चादर टाकावी तसा मांडा टाकतात. करणाऱ्याने कणकेचा गोळा हातावरून मनगटावर, मनगटावरून कोपरापर्यंत असा फिरवला की मी खाणं विसरले. आमच्याकडच्या पुरणाच्या मांड्यांशी याचं नाव तेवढं सारखं. मी विचारलं, पीठ किती वेळ भिजवता? तो म्हणाला, “बहनजी, जब तक वो खुद ना बोले.” मी केंद्रातल्या बायकांना असं उत्तर दिलं तर त्या दुसऱ्या दिवशी येणार नाहीत.

रविवार, बुधवारा

सकाळी मावा जिलबी खाऊन निघालो. ही जिलबी काळपट, जाड आणि खव्याची. आपल्या कुरकुरीत जिलबीची सवय असणाऱ्याने पहिल्या घासाला तोंड वाकडं करू नये, दुसऱ्या घासाला ती कळते. यांना पहिल्यालाच कळली.

जुन्या गल्ल्यांची फेरी गांधी चौकाकडून सुरू होते. जामा मशिदीत संस्कृत शिलालेख आहे, तो बघितला. मग गल्ल्या अरुंद होत गेल्या. दोन्ही बाजूंनी यंत्रमागांचा खडखड आवाज, वरून तारांची जाळी. मी लाकडी कोरीव ब्रॅकेटं बघत होते आणि हे वर बघून “अर्थिंग नाही, अर्थिंग नाही” म्हणत होते.

बुधवारा नावाच्या मोहल्ल्यातल्या एका गल्लीत आवाज म्हणाला, “आता समोर हिरवं दार बघा. घाई करू नका. आधी वर बघा, चौकटीच्या पट्टीवर पोपट कोरलेत. मग खाली उंबरा बघा. आणि मग दाराच्या कड्या बघा. दोन आहेत. एक वर आणि एक खूप खाली. का असतील? थोडा विचार करा, मग पुढचं ऐका.”

बोट टेकवून तिला थांबवलं आणि आम्ही वर बघितलं, खाली बघितलं. खरोखर दोन कड्या होत्या, खालची जेमतेम माझ्या मांडीएवढ्या उंचीवर. हे म्हणाले, वरची घोडेस्वारांसाठी असणार, खालची पायी येणाऱ्यांसाठी. मी म्हटलं, पायी येणारे काय रांगत यायचे? आमची ही चर्चा एका वायरीत अडकून, एकमेकांच्या कानाशी, कुजबुजत चालली होती. तेवढ्यात ते दार उघडलं आणि इस्त्रीचा पांढरा सदरा घातलेले साठीचे गृहस्थ हात जोडत बाहेर आले.

“या, या ना! बाहेर कशाला उभे राहिले? आम्ही सकाळपासून वाट बघून राहिलो.”

मी पटकन दोघांच्या कानातली वायर काढून पिशवीत कोंबली. म्हटलं, “नाही हो, आम्ही सहज फिरायला आलोय.”

गृहस्थ अगदी समजल्यासारखं हसले. “हाव, हाव. सहजच. या आत.”

त्या हसण्याचा अर्थ मला पुढे कळला, पण वाचकांनी तो आत्ताच जाणून घ्यावा, म्हणजे आमची दया येईल. त्या भागात मुलगी रीतसर बघायच्या आधी मुलाकडचं एखादं वयस्क जोडपं वेळ न कळवता येऊन घर बघून जातं. दार कसं आहे, ओटा झाडलेला आहे का, शेजारपाजार कसा आहे, हे सगळं आधी बाहेर उभं राहून. आणि ते जोडपं ‘आम्ही मुलाकडचे’ असं कधीच म्हणत नाही. “सहज इकडून चाललो होतो” असंच म्हणतं. आता पन्नाशी उलटलेली नवराबायको, बाईच्या काठापदराच्या साडीवर खांद्याला कापडी पिशवी, दोघं दारासमोर उभी राहून वरपासून खालपर्यंत घर न्याहाळतायत आणि कुजबुजतायत. त्या माणसाने दुसरं काय समजावं? मी जितकं नाही म्हणत गेले तितकी त्यांची खात्री पटत गेली.

त्यांचं नाव दिगंबरराव. त्यांचं कापडाचं दुकान आहे. त्यांच्या पत्नी शोभाताई पाणी घेऊन आल्या आणि लगेच पोहे आले, वर भरपूर शेव घातलेले. मी म्हटलं, “अहो, आम्ही सांगलीचे, खरंच.” शोभाताई म्हणाल्या, “सांगलीचे असा नाहीतर कुठचे, पोहे तर खा.” आमच्या ह्यांनी तोवर अर्धी बशी संपवली होती. खाल्ल्या मिठाला जागायचं म्हणून तेही काही बोलेनात.

मग दिगंबरराव जरा पुढे सरकून बसले. “एक गोष्ट मी साफ सांगून टाकतो. लपवाछपवी आपल्याला जमत नाही. आमच्या अश्विनीनं एक रेकॉर्डिंगचं काम केलंय. गावाची माहिती. ती फोनवर लोकं ऐकतात. पोरगी चांगली आहे, शाळेत शिकवते, पण कोणीही ऐरागैरा तिचा आवाज कानात घालून गल्लीतून फिरतो, दारासमोर उभा राहतो, ते मला बी पसंत नाही. आजच्या आज काढून टाकायला सांगितलंय मी. तुम्ही निश्चिंत राहा.”

म्हणजे कोरीव पोपटांकडे बघायला लावणारा तो आवाज या घरातला होता. दाराची निवड तिने का केली होती ते आता उघड झालं.

तेवढ्यात आतून एक सावळी, उंच मुलगी चहाचा ट्रे घेऊन आली. “जरा थांबा, गरम आहे,” ती म्हणाली. कालपासून हाच आवाज मी कानात घेऊन फिरत होते. तिची नजर माझ्या पिशवीतून लोंबणाऱ्या वायरीवर गेली.

मी कप आत ठेवायच्या निमित्ताने उठले. स्वयंपाकघरात बायकांना कोणी अडवत नाही. ओट्यापाशी ती हळूच म्हणाली, “मावशी, तुम्ही रावेरच्या, मुलाकडच्या नाही ना?”

“नाही गं. आम्ही तुझंच ऐकत उभे होतो.”

तिला हसूही आलं आणि डोळेही भरले. म्हणाली, “आजवर पोरंच आली, पाठीवर बॅगा टाकून. तुमच्यासारखं कोणी आलं नव्हतं, म्हणून बाबा फसले. संध्याकाळी मी ते सगळं डिलीट करणार आहे. बाबांनी शपथ घातलीय.”

“त्यांनी ऐकलंय का?”

“एकदा लावलं होतं. पहिल्या नमस्कारालाच उठून गेले. त्यांना वाटतं पोरीचा आवाज म्हणजे बाजारात मांडलेली चीज आहे.” मग ती भांडं उगाच घासत राहिली. “स्थळ खराब नाहीये मावशी. मला लग्नही करायचंय. पण शाळेतून आल्यावर रोज गल्लीगल्लीत फिरून केलंय मी हे. पॉवरलूम बंद होईपर्यंत बसायची, तेव्हा कुठे आवाज साफ यायचा.”

मला फार वाईट वाटलं. परक्या घरात आपण काय बोलणार? पण गप्पही बसवेना. माझा स्वभावच तसला.

मी बाहेर आले तर दारात एक बाई आणि त्यांच्यामागे टोपी घातलेले एक गृहस्थ. बाई ठसक्यात म्हणाल्या, “आम्ही रावेरहून. मुलाची आई मी, आणि हे आमचे भाऊ. म्हटलं लपूनछपून कोणाला कशाला पाठवायचं, आपणच जाऊ.”

दिगंबररावांनी त्यांच्याकडे बघितलं, मग आमच्याकडे बघितलं. आमचे हे तेव्हा दुसरी बशी हातात घेऊन बसले होते.

“मग तुम्ही कोण?” दिगंबरराव म्हणाले.

आता खरं सांगण्याला काही पर्यायच नव्हता. मी पिशवीतून वायर काढून दाखवली. “आम्ही फिरायलाच आलोय हो. हिच्या आवाजामागे चालत तुमच्या दारापर्यंत आलो. कालपासून मी तुम्हाला तेच सांगतेय.” घाबरल्यामुळे ‘मघापासून’च्या जागी ‘कालपासून’ म्हणाले, पण ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

दिगंबररावांचा चेहरा उतरला. मुलाच्या आईने मात्र कान टवकारले. “कसला आवाज? कोणाचा?”

“काही नाही, काही नाही,” दिगंबरराव म्हणाले. “पोरीचं एक छोटंसं काम होतं. बंद होऊन राहिलंय.”

“बंद होऊन राहिलंय तर ऐकू तरी द्या,” बाई म्हणाल्या.

स्वयंपाकघराच्या दारातून अश्विनी म्हणाली, “ऐकवा मावशी. जिथे थांबवलंत तिथूनच.”

मी फोनची वायर उपसली, आवाज मोठा केला आणि बोट टेकवलं.

“केला विचार?” फोनमधून ती म्हणाली. “वरची कडी जुनी आहे, किती जुनी ते मला माहीत नाही. खालची जुनी नाही. मी पहिलीत होते तेव्हा शाळेतून आल्यावर माझा हात वरच्या कडीला पोचायचा नाही. कोणी येईपर्यंत मी ओट्यावर बसून राहायची. म्हणून माझ्या बाबांनी लोहाराकडून ही दुसरी कडी बसवून घेतली. लोक हसले. बाबा म्हणाले, घर तिचं बी आहे, तिला वाजवता आलं पाहिजे.

“तुम्ही किल्ल्यापासून इथपर्यंत जे ऐकलंत, आमच्याकडे असं सांगतात म्हणून, ते सांगणारे हेच. दर रविवारी दुकान बंद असलं की ते मला बोट धरून फिरवायचे. सगळं त्यांचंच आहे. आवाज तेवढा माझा आहे. आता उजवीकडे वळा.”

मी बंद केलं. बाहेर यंत्रमाग चालू होता. शोभाताईंनी पदर तोंडाला लावला होता. दिगंबरराव गुडघ्यावर हात ठेवून खाली बघत होते. मी स्वतः फोनच्या काचेकडे बघत राहिले, कारण माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं.

“आवाज गोड आहे हो,” मुलाची आई म्हणाली. ती बाई वाईट नव्हती, हे मी सांगून ठेवते. “पण लग्नानंतर आमच्या सुनेचा आवाज असा गावभर नको. आमच्याकडे लोक बोलतात. तुम्ही म्हणालात ना, बंद करणार आहात?”

दिगंबररावांनी मान वर केली. या प्रश्नाचं उत्तर त्यांनी मला अर्ध्या तासापूर्वी, न विचारताच दिलं होतं.

“नाही,” ते म्हणाले. “ते राहणार. तुम्हाला चालत असेल तर आमची ना नाही. नसेल चालत तर ते बी ठीक.”

“अहो!” शोभाताई म्हणाल्या.

रावेरच्या मंडळींनी पोहे खाल्ले, चहा घेतला, केळीच्या भावावर बोलणं झालं. भावाने इच्छापूरच्या देवीला जायचंय म्हणून घड्याळ बघितलं. निघताना मुलाची आई हसून म्हणाली, “कळवतो आम्ही.” सांगलीत काय आणि रावेरात काय, ‘कळवतो’चा अर्थ एकच होतो.

ते गल्लीतून दिसेनासे झाले आणि शोभाताईंनी आत जाऊन भांडी आपटायला सुरुवात केली. चांगलं चालत आलेलं स्थळ घालवलं, पोरगी सत्तावीसची झाली, आता मी कोणाला तोंड दाखवू, असं त्या प्रत्येक भांड्याला सांगत होत्या. त्यांचंही चूक नव्हतं. आम्ही फिरायला येऊन एका घरात केवढी उलथापालथ करून ठेवली, या विचाराने मला ओशाळवाणं झालं. मी माफी मागायला लागले तर दिगंबररावांनी हात वर केला.

“तुझी कडी पहिल्यांदा उंचच झाली होती,” ते अश्विनीला म्हणाले. “लोहारानं माप चुकवलं. तू टाचा उंच केल्या, बोटं टेकली, पण वाजवता आली नाही. रडली तू. मग मी ती काढून पुन्हा खाली बसवली. वरची भोकं अजून दिसतात. ते तू सांगितलंच नाही.”

“मला आठवत नाही बाबा.”

“मग मला विचारायचं ना. घाल ते त्यात.”

अश्विनीने “हो” म्हटलं आणि पदराऐवजी ओढणीने आईसारखंच तोंड झाकलं.

आमचे हे तसे कुठल्या गोष्टीत पडत नाहीत. पण त्यांनी माझ्या हातातला फोन घेतला, वायर पुन्हा जोडली, एक टोक आपल्या कानात घातलं आणि दुसरं दिगंबररावांपुढे धरलं. दिगंबररावांनी ते उलटसुलट करून बघितलं, कानात घातलं आणि ओट्याखालच्या चपला पायात सरकवल्या. दोघं वायरीत बांधलेले, सांभाळून एक एक पाऊल टाकत निघाले. मी आणि अश्विनी मागे. यंत्रमागांच्या खडखडाटात ते मध्येच हसत होते, मध्येच “नाही, नाही, असं नव्हतं” म्हणत होते, मध्येच नुसतेच थांबत होते.

गल्ली जिथे फुटते तिथे ते उभे राहिले. उभा जन्म त्यांनी त्या गल्लीत काढलेला, डोळे बांधून सोडलं तरी दुकानापर्यंत गेले असते. त्यांनी कानातल्या वायरीवर हात दाबून धरला आणि माझ्या नवऱ्याला विचारलं, “आता कुणीकडे वळायचं म्हणून राहिली ती?”